चाळीस किलोच्या आत

"पण त्या डबीला कळतं कसं?" काटेवाल्याने चौथ्यांदा विचारलं.

अलार्मवाल्याने हातातली पांढरी डबी पुन्हा एकदा भिंतीला टेकवून दाखवली. "साहेब, ही अशी कोपऱ्यात, डोक्याच्या वर बसते. समोरून चोर गेला की भोंगा होतो. घरातलं कुत्रं-मांजर गेलं तर लक्षच देत नाही. पंचवीस किलोपर्यंतचं जनावर सोडून देते."

"आणि सव्वीस किलोचं असलं तर?"

"तर वाजेल."

"म्हणजे भिंतीवर बसून, हात न लावता, ही बया पंचवीस आणि सव्वीस किलोतला फरक सांगते?"

"अंदाजे सांगते," अलार्मवाला म्हणाला आणि तिथेच फसला.

'अंदाजे' हा शब्द या घरात उच्चारायचा नसतो, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. काटेवाला तीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करत होता. वाण्यांचे, भंगारवाल्यांचे, गोदामातले, दवाखान्यातले. बाजारात त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, पण काट्यावर त्याने लावलेली चिठ्ठी दिसली की गिऱ्हाईक निमूटपणे पिशवी पुढे करायचं. त्याच्याकडे एक लाकडी पेटी होती. तिच्या मखमली खळग्यांत दोन किलोपासून एक ग्रॅमपर्यंतची पितळी वजनं बसवलेली होती आणि त्यांना तो रुमालाशिवाय हात लावत नसे, का तर बोटांच्या घामाने वजन वाढतं. अशा माणसाला अलार्मवाला अंदाज विकायला आला होता.

"वजन करायचं तर पायाखालून करायचं," काटेवाला म्हणाला. "भिंतीवरून नाही. उठा तुम्ही."

"अहो, चहा तरी घेऊ द्या त्यांना," आतून बायको म्हणाली.

चहा घेऊन अलार्मवाला निघाला. चपलांपाशी झोपलेला कुत्रा उठला, आळोखेपिळोखे देत त्याच्या मागोमाग गेला आणि शेपटी हलवत त्याला फाटकापर्यंत सोडून आला. खरी अडचण हीच होती.

या कुत्र्याचं नाव शेठ. चार वर्षांपूर्वी तो अण्णांच्या, म्हणजे काटेवाल्याच्या वडिलांच्या मागे मागे घरात आला, तेव्हा त्याच्या बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या. अण्णांनी थट्टेने "या शेठ, बसा" म्हटलं आणि तो बसला तो बसलाच. अण्णा निवृत्त पोस्टमन. नोकरीची अडतीस वर्षं गल्लोगल्लीच्या कुत्र्यांनी त्यांच्या पोटऱ्या धरल्या होत्या. "एकही कुत्रा माझ्याशी धड वागला नाही बघ," ते म्हणायचे. "हा पहिला." काटेवाला आणि त्याची बायको सकाळी कामाला गेले की संध्याकाळपर्यंत घरात हे दोघेच. अण्णा त्याला जुने पत्ते पाठ म्हणून दाखवायचे, कुठल्या घरी कुणाचं पत्र यायचं ते सांगायचे, आणि शेठ सगळं ऐकून घ्यायचा.

फक्त राखण करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. शेजारच्या शिलाईवाल्या बाईंचं मशीन भर दुपारी चोरीला गेलं तेव्हा शेठ चोराला कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेला होता, हे समोरच्या दुकानदाराने स्वतः पाहिलं होतं. अण्णांचं म्हणाल तर दुपारी त्यांचा डोळा लागला की घर उचलून नेलं तरी त्यांना पत्ता लागला नसता. तेव्हापासून बायकोने अलार्मचा धोशा लावला होता.

काटेवाल्याने चार रविवार खपून स्वतःचा अलार्म केला. गोदामातून बाद झालेला एक प्लॅटफॉर्म काटा आणला. बाहेरची खोली आणि आतलं घर यांच्यामध्ये जो बोळ होता, त्यातली फरशी उकरून तो जमिनीच्या बरोबरीने बसवला आणि वर पायपुसणं अंथरलं. आत जाणाऱ्याला त्यावर पाय दिल्यावाचून गत्यंतर नव्हतं. भिंतीवर आकडा दाखवणारी खिडकी आणि तिच्यावर ट्रकचा जुना हॉर्न. पंचवीस किलोच्या आतलं काहीही गेलं तर हॉर्न गप्प. त्याच्यावर गेलं की जो काय आवाज व्हायचा, त्याने पहिल्याच दिवशी फळीवरची दोन भांडी खाली आणली.

उद्घाटनाला त्याने सगळ्यांची वजनं घेऊन वहीत लिहिली. स्वतःचं चौऱ्याहत्तर किलो. अण्णांचं एक्कावन्न किलो चारशे ग्रॅम. शेठचं अठरा किलो दोनशे. बायको पायपुसण्यावर उभी राहायला तयार नव्हती.

"माझं वजन भिंतीवर दिसणार? सगळ्या गल्लीला?"

"अगं, गल्लीला कसं दिसेल? आपल्याला दिसेल."

"मग तर नकोच," ती म्हणाली आणि लांब उडी मारून पायपुसणं ओलांडून गेली. पुढे ती रोज तशीच जायची. अलार्म चालू असो की बंद.

पहिल्या आठवड्यातच अलार्म वाजला. शिलाईवाल्या बाई हातात लाकडी गज घेऊन धावत आल्या, समोरचा दुकानदार शटरची सळई घेऊन आला. आत अण्णा खाटेवर उठून बसले होते आणि शेठ हॉर्नच्या सुरात सूर मिळवून गळा काढत होता. चोर कुठेच नव्हता. काटेवाल्याने घरी येऊन तपास केला तेव्हा उलगडा झाला. शेठ चालत गेला तर अठरा किलो, पण स्वयंपाकघरात डबा वाजला की तो चालत जात नसे. तो झेप घ्यायचा, आणि झेप घेऊन उतरणारा अठरा किलोचा कुत्रा काट्यावर एकतीस किलो भरत होता.

"मग आकडा वाढवा," बायको म्हणाली.

त्याने पस्तीस केला. मग अण्णांची पाळी आली. आत जायचं म्हणजे बोळातून जायचं, आणि न्हाणीघर तर आतच. त्यासाठी काटेवाल्याने भिंतीवर एक बटण बसवलं. दाबलं की दहा सेकंद हॉर्न गप्प राहायचा.

"अण्णा, आत जायच्या आधी हे दाबायचं. येताना पलीकडचं. सोपं आहे."

"सोपं आहे," अण्णा म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा, दुपारी दोन आणि साडेचारला हॉर्न वाजला.

"अण्णा, बटण!"

"अरे, घाईत कुणाच्या लक्षात राहतंय? माझ्या वयाचा हो, मग कळेल तुला."

शिलाईवाल्या बाई पहिले चार दिवस गज घेऊन आल्या. पाचव्या दिवशी नुसत्याच आल्या. मग त्यांनी येणंच सोडलं. "तुमचा साडेचारचा हॉर्न झाला की मी चहा टाकते भाऊ," त्या म्हणाल्या. "घड्याळ बघायला नको."

काटेवाल्याला हे फार लागलं. पण तो हार मानणाऱ्यातला नव्हता. दर रविवारी सकाळी तो शेठला काट्यावर उभा करायचा, आधी चालवायचा, मग बिस्कीट दाखवून झेप घ्यायला लावायचा आणि दोन्ही आकडे वहीत उतरवायचा. एकोणीस किलो सहाशे. एकवीस किलो शंभर. तेवीस. शेठ आता नावाप्रमाणे दिसू लागला होता. झेपेचा आकडा अडतीसवर गेला तेव्हा त्याने अलार्म चाळीसवर नेऊन ठेवला.

"चाळीस म्हणजे फार नाही होत?" बायकोने विचारलं. "एखादा बारकुडा चोर आला म्हणजे?"

"चाळीस किलोच्या आतला माणूस घरात शिरला ना," काटेवाला हसत म्हणाला, "तर तो चोरी करायला नाही आलेला, जेवायला आलाय असं समज. पाट मांड आणि पोटभर वाढ त्याला."

अण्णाही हसले, तोंडावर हात ठेवून. हल्ली ते तसेच हसायचे. त्या वाक्याने काटेवाल्याला पुढे कित्येक दिवस घास गिळू दिला नाही, पण त्या क्षणी त्याला ते फार चांगलं जमलं असं वाटलं होतं.

अलार्म बसवला त्याच महिन्यात बायकोची नवी चप्पल शेठने फाडली होती. तिची ही तिसरी. तिच्या रागाचा पारा चढला.

"सांगून ठेवते, या घरात आणखी एक वस्तू याने चावलेली दिसली, तर त्याच दिवशी त्याला लांब नेऊन सोडून येईन. मग कुणी मधे पडायचं नाही. अण्णा, तुम्हीसुद्धा!"

अण्णांनी मान डोलावली. शेठ खाटेखाली होता.

आणि आकडा चाळीसवर गेल्यावर काही दिवसांत चमत्कार झाला. हॉर्न वाजायचा थांबला. एक आठवडा गेला, दोन गेले, साडेचारला शिलाईवाल्या बाई चहा विसरू लागल्या. काटेवाल्याने बायकोला सांगितलं, "बघितलंस? अण्णांना शेवटी बटणाची सवय झाली. म्हातारपणी शिकता येत नाही म्हणतात ते खोटं आहे." बायको म्हणाली, "सवय तर खरीच. जेवलेलं ताटसुद्धा इतकं लख्ख करून ठेवतात हल्ली, मला घासावंसंच वाटत नाही." दोघांनाही फार बरं वाटलं. अण्णा आताशा गप्प गप्प असायचे, पत्ते म्हणायचे थांबले होते, संध्याकाळी "दूधच दे, भूक नाही" म्हणायचे. पण सत्त्याहत्तरीला आलेला माणूस, असायचंच, असं दोघांनी आपापल्या मनाशी धरलं आणि त्याबद्दल ते कधी एकमेकांशी बोललेही नाहीत.

अलार्म गप्प झाल्यापासून काटेवाल्याचा ऊर भरून आला होता. बाजारात तो ज्याला त्याला सांगत सुटला. आणि माणूस एकदा सांगत सुटला की त्याला सगळ्यात आधी तोच आठवतो, ज्याच्याशी आपलं वाजलेलं असतं. त्याने अलार्मवाल्याला चहाला बोलावलं.

तो रविवारी सकाळी आला. काटेवाल्याने त्याला काटा दाखवला, खिडकी दाखवली, शेठच्या वजनांची वही दाखवली. अलार्मवाला मनापासून बघत होता. "छान आहे हो," तो म्हणाला. "कुत्र्याला वाजत नाही हे कळलं. माणसाला वाजतो ना?"

"म्हणजे काय! अण्णा, जरा येता का? बोळातून चालून दाखवा. बटण दाबू नका हं आज."

"कुठलं बटण?" खाटेवरून उठत अण्णांनी विचारलं.

काटेवाला हसला. "थट्टा करतात. या, अण्णा."

अण्णा भिंतीला हात लावत आले, पायपुसण्यावर पाय दिला, पलीकडे गेले. हॉर्न गप्प.

"परत या, अण्णा. नीट पाय टेकवा."

ते परत आले. हॉर्न गप्प. अलार्मवाल्याने चहाचा घोट घेतला आणि कपातच बघत राहिला.

"अण्णा, जरा मधोमध उभे राहा बरं. आणि एक छोटीशी उडी मारा."

"उडी?"

"छोटीशी."

अण्णांनी भिंत धरली, धोतराचा सोगा सावरावा तशी पायजम्याची नाडी सावरली, आणि टाचा उचलून खाली टेकवल्या. त्यांच्या मते ती उडी होती. हॉर्नने तिची दखल घेतली नाही. पण शेठने घेतली. अण्णा उड्या मारतायत हे दृश्य त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. आनंदाने वेडा होऊन त्याने खाटेपासूनच झेप टाकली आणि अण्णा जेमतेम बाजूला होतात न होतात तोच तो पायपुसण्यावर धाडकन उतरला. हॉर्नने अख्खं घर दणाणून सोडलं.

काटेवाल्याने धावत जाऊन तो बंद केला. 

"म्हणजे," अलार्मवाला शेवटी हळूच म्हणाला, "हा माणसाला सोडतो आणि कुत्र्याला धरतो."

त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्याने कप खाली ठेवला, "तार सैल झाली असेल एखादी" असं म्हणाला आणि शेठला थोपटून निघून गेला. या वेळी शेठ त्याला सोडायला गेला नाही. अण्णांच्या पायाशी बसून राहिला.

काटेवाल्याने पायपुसणं बाजूला सारलं आणि तो गुडघ्यांवर बसला. आधी तारा बघितल्या. ठीक होत्या. मग त्याने दारामागची लोखंडी वजनं आणून एकावर एक ठेवायला सुरुवात केली. दहा. वीस. तीस. एकोणचाळीसपर्यंत हॉर्न गप्प होता. पेटीतलं एक किलोचं पितळी वजन रुमालात धरून त्याने वर ठेवलं, आणि चाळीस भरताच हॉर्न वाजला. काट्यात काडीचाही दोष नव्हता.

एरवी अशा वेळी त्याला समाधान वाटायचं. आज तो अण्णांकडे वळला.

"अण्णा," तो म्हणाला, "तुम्ही रोज बटण दाबत होता ना?"

"नाही रे. माझ्या लक्षातच राहायचं नाही. मग तो वाजायचा थांबला, तेव्हा म्हटलं, तू काहीतरी युक्ती केलीस. किती हुशार आहेस म्हटलं."

"इथे उभे राहा जरा."

अण्णा उभे राहिले. खिडकीत आकडा थरथरला आणि थांबला. अडतीस किलो सहाशे.

काटेवाला तो आकडा बघत राहिला. मग त्याने वही उघडली. सात महिन्यांची पानं होती. दर रविवारचं वजन, चालतानाचं आणि झेपेचं, सुवाच्य अक्षरात. सगळी शेठची. अण्णांचं एकच होतं, पहिल्या पानावर, एक्कावन्न किलो चारशे.

तेवढ्यात हॉर्न ऐकून शिलाईवाल्या बाई आल्या. बऱ्याच दिवसांनी वाजला म्हणून गज घेऊन आल्या होत्या. काटेवाल्याचा चेहरा आणि भिंतीवरचा आकडा बघून त्या दारातच थबकल्या.

"अण्णांचं वजन आहे हे?" त्यांनी विचारलं. "बारीक झालेत खरे. दोन वेळा पायजम्यांची कंबर आत घेऊन दिली मी. शर्टांचे खांदेसुद्धा. चार इंच कमी झालेत ते."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्हाला?" बाई गोंधळल्या. "भाऊ, तुम्ही वजनवाले. तुम्हाला आधीच ठाऊक असेल असं वाटलं मला."

 बाजारातल्या कुठल्याही वाण्याच्या मापात वीस ग्रॅम कमी असले तर त्याला नुसत्या नजरेने कळायचं. आणि इथे घरातून बारा किलो आठशे ग्रॅम बाप गेला होता.

बायको वाचनालयाच्या कामावरून दुपारी आली तेव्हा दोघं खाटेवर बसलेले होते आणि काटेवाला अण्णांना तेच तेच विचारत होता. दुखतंय का कुठे? डॉक्टरकडे जाऊ या का? जेवण आवडत नाही का? अण्णा तोंड मिटून मान हलवत होते. शेवटी बायको त्यांच्या समोर खाली बसली.

"अण्णा, तोंड उघडा बरं."

अण्णांनी शेठकडे बघितलं, मग सुनेकडे बघितलं, आणि तोंड उघडलं. वरची कवळी जागेवर होती. खालची नव्हती.

"खालची कुठाय?"

अण्णा उठले. खुंटीवर टांगलेल्या जुन्या टपालाच्या पिशवीत हात घालून त्यांनी एक पाकीट काढलं. त्यावर सवयीने नीट पत्ता घालावा तसं 'कवळी, खालची' असं लिहिलेलं होतं. पाकिटातून कवळीचे दोन तुकडे निघाले. दोन्हींवर दातांच्या खुणा होत्या आणि त्या माणसाच्या दातांच्या नव्हत्या.

"कधी झालं हे?"

"झाले असतील पाच-सहा महिने." अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले. "वाटीत काढून ठेवली होती, त्याने उचलली. त्याला काय कळतंय? आणि तू म्हणाली होतीस, आणखी एक वस्तू चावलेली दिसली तर… म्हटलं, दिसायलाच नको."

"आणि जेवण?"

अण्णांनी खाटेखाली बघितलं. खाटेखालून शेठची शेपटी तेवढी जमिनीवर आपटत होती. लख्ख ताटांचं कोडं बायकोला त्या क्षणी उलगडलं, आणि ती पदर तोंडावर घेऊन रडायला लागली. "अहो अण्णा, मी रागात बोलले होते हो. रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. चपलेसाठी मी त्याला सोडून आले असते का?"

"तसं नव्हे," अण्णा ओशाळून म्हणाले. "मला वाटलं, धोका कशाला पत्करा. दिवसभर दुसरं कोण असतं बोलायला?"

ते कुणाला टोचावं म्हणून बोलले नव्हते, म्हणूनच ते जास्त टोचलं. सात महिने काटेवाला घरात चोर येऊ नये म्हणून जिवाचं रान करत होता. चोर खाटेखाली होता, रोज बापाच्या ताटातलं खाऊन जात होता, आणि त्याने बिनघोर यावं-जावं म्हणून आकडा वाढवून देणारा तो स्वतःच होता.

पुढच्या आठवड्यात दाताच्या डॉक्टरांनी माप घेतलं. नवी कवळी आली. बायको रोज मऊ, कुस्करलेलं जेवण करू लागली आणि अण्णांचं ताट संपेपर्यंत समोर बसू लागली. शेठला वेगळी थाळी मिळाली आणि ती फार लहान होती. काटेवाला दर रविवारी आता अण्णांना काट्यावर उभं करायचा. वहीला नवं पान लावलं होतं. त्याने मनाशी ठरवलं होतं की चाळीसचा आकडा हलवायचा नाही. अण्णा ज्या दिवशी बोळातून जातील आणि हॉर्न वाजेल, त्या दिवशी त्याला सुटल्यासारखं वाटणार होतं.

"आकडाच खाली आणा ना," बायको एकदा म्हणाली. "सदतीसवर ठेवा, लगेच वाजेल. तुमच्याही जिवाला शांती."

"काट्याला खोटं बोलायला लावायचं नाही," तो म्हणाला. "आजपर्यंत लावलं नाही."

पण सत्त्याहत्तराव्या वर्षी गेलेलं मांस काही भराभर परत येत नाही. अडतीस आठशे. अडतीस सातशे. अडतीस नऊशे. पुन्हा अडतीस आठशे. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, घाई करू नका. अण्णा पुन्हा पत्ते म्हणायला लागले होते. नवी कवळी टकटक वाजवत मोठमोठ्याने हसत होते. काटेवाला मात्र खिडकीतल्या आकड्याकडे बघून वही मिटायचा आणि ताटावरून अर्धपोटी उठायचा. चाळीस किलोच्या आतला माणूस जेवायला आलेला असतो, हे आपणच म्हणालो होतो, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. त्याच्या पट्ट्याला त्याने खिळ्याने एक नवं भोक पाडलं होतं, पण ते त्याने वहीत लिहिलं नव्हतं.

असे नऊ रविवार गेले. दहाव्या रविवारी तो न्हाणीघरात दाढी करत होता आणि हॉर्न वाजला.

अर्ध्या चेहऱ्यावर साबण तसाच घेऊन तो धावला. बायको बाहेरच्या खोलीतून आली. शेठ लांब भिंतीशी बसून हॉर्नला साथ देत होता, म्हणजे तो नव्हता. पायपुसण्यावर एकटे अण्णा उभे होते, ताठ, दोन्ही हात शर्टाच्या दोन्ही खिशांवर दाबून धरलेले.

"वाजला!" अण्णा ओरडले. "बघ, वाजला की नाही!"

खिडकीत एकेचाळीस किलो आठशे होते. अण्णा उजव्या अंगाला जरासे कलले होते आणि शर्टाचा उजवा खिसा डाव्यापेक्षा खाली ओढला गेला होता. काटेवाल्याची नजर फळीवरच्या लाकडी पेटीकडे गेली. तिचं झाकण नीट लागलेलं नव्हतं. दोन किलो आणि एक किलो, त्याच्या मनाने सवयीने वजाबाकी केली. अडतीस किलो आठशे. गेल्या वेळेइतकेच.

"झालं ना आता तुझ्या मनासारखं?" अण्णा म्हणाले. हॉर्न बंद झाला होता तरी ते मोठ्यानेच बोलत होते. "आता तरी ताटावर नीट बस. किती वाळलायस बघ. काटा नसला तरी मला दिसतं."

अण्णा पायपुसण्यावरून उतरले. बायको दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिलाही दिसलं होतं. तिने डोळे पुसले आणि ती आत स्वयंपाकघरात गेली. पायपुसण्यावरून, उडी न मारता. हॉर्न पुन्हा वाजला आणि भिंतीवर तिचं वजन सगळ्यांना दिसलं, पण तिने मागे वळून बघितलं नाही.

काटेवाल्याने हॉर्न बंद केला. वही घेतली. साबण गालावर वाळत होता. अण्णांच्या नावापुढे त्याने तारीख घातली आणि नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं, एकेचाळीस किलो आठशे. मग तो स्वयंपाकघरात जाऊन बसला आणि भर सकाळी म्हणाला, "भूक लागलीये. आहे का काही?"

दुसऱ्या दिवशी एका वाण्याचा काटा तपासायचा होता. काटेवाल्याने दुकानात पेटी उघडली. मोठ्या वजनांचे दोन खळगे रिकामे होते. वाणी गल्ल्यावरून वाकून बघू लागला.

"का हो, मोठी वजनं कुठं गेली? हरवली की काय?"

"घरी आहेत," काटेवाला पेटी बंद करत म्हणाला. "वडिलांना लागतात."